तीन स्टॉप

कायतानने कॅमेरा शनिवारी दिला, सोमवारच्या फेरीने परत मागितला.
म्हणाला, पात्रांव, आधी वापर, पैशांचं मग बोलू.
त्याचा सेन्सर टपालाच्या तिकिटाएवढा,
माझा अंगठ्याच्या नखाएवढा.
त्या नखावर मी दिवाडीतली बारा वर्षं काढली:
बाप्तिस्मे, मुंजी, पासपोर्टचे चेहरे
लिस्बनला गेलेल्या पोरांचे, दोन्ही कान दिसतील असे.

दुपारी कपेलासमोर ट्रायपॉड रोवला.
चुन्याची भिंत, भिंतीखाली काळा कुत्रा.
माझ्यात भिंत धरली तर कुत्रा गेला,
कुत्रा धरला तर भिंतीचा कोरा कागद.
त्याच्यात दोन्ही आले,
चुन्यावर फिरलेला कुंचल्याचा हात
आणि कुत्र्याच्या कानातली गोचीडसुद्धा.
बायकोला दाखवलं.
गोचीड बघायला दोन लाख? म्हणाली.

ट्यूबखाली तिचाच फोटो काढला, दोन्हींत.
तिने चष्मा लावून पाहिलं.
तुझ्यात मी हळद लावल्यासारखी, त्याच्यात आजारी.
खरी कुठली ते तिने सांगितलं नाही,
बांगडे साफ करायला निघून गेली.

रविवारी पहाटे पाचला पोदेराचा भोंगा.
आयएसओ सहा हजार चारशे, एकच खांब, एकच दिवा.
मिंगेल सायकलवरून न उतरता
मातिल्दच्या फाटकावर उंडे ठेवतो, तो क्षण:
आधी माझा, मग त्याचा.
माझ्यात टोपलीवर रवा सांडलेला,
अंधारात लाल-हिरवा भुसा.
खरं सांगायचं तर चार-बाय-सहाच्या प्रिंटमध्ये
हा भुसा दिसत नाही. आजवर कोणी पैसे कापलेले नाहीत.

मग कॉम्प्युटरवर, नुसतं बघावं म्हणून,
त्याच्या फाइलमध्ये सावल्यांची पट्टी उजवीकडे ओढली.
एक स्टॉप: मातिल्दचा पेरू.
दोन: पलीकडच्या घराच्या पायऱ्या.
तीन:
सोप्यावर सगुण बसलेला.
बनियन, हातात पेला, तोंड माझ्या खिडकीकडे.

सगुण माझा सख्खा भाऊ.
मानशीच्या लिलावावरून बिनसलं,
त्याला नऊ वर्षं झाली. मधे रस्ता, आठ पावलांचा.

माझी फाइल तेवढीच उचलली.
जांभळे पट्टे आले. भुसा.
मग जुन्या डिस्क काढल्या,
गेल्या चवथीची पहाट, पुराची पहाट,
पोराच्या मुंजीच्या दिवशी मांडवाचं काढलेलं पहिलं चित्र,
ज्यात मागे त्याचा सोपा येतो, अर्धा.
एकेक उचलत गेलो, तीन स्टॉप, चार.
पट्टे.
बसला असेल. नसेलही.
नखात तेवढं मावलंच नव्हतं,
आणि जे मावलं नाही ते कितीही ओढून येत नाही.
जेवायला हाका आल्या, गेलो नाही.

सोमवारी कॅमेरा पेटीत घातला, पट्टा गुंडाळला,
बॅटरी लवकर संपते असं कायतानला सांगायचं ठरवलं,
म्हणजे भाव थोडा उतरेल.
फेरीला वेळ होता.
दिवा न लावता दारात उभा राहिलो.
डोळ्यालाही वेळ द्यावा लागतो, पाचेक मिनिटं,
कुठली पट्टी ओढता येत नाही.
समोर हळूहळू काही पांढरं झालं,
बनियन असेल,
किंवा रात्री आत घ्यायचा राहिलेला टॉवेल.

मी खोकलो.