डावी तर्जनी नसल्यास

प्रशिक्षणाच्या दिवशी सभागृहातले पंखे बंद होते
आणि पुस्तिकेतला तो नियम वाचताना
मागच्या रांगेत आम्ही हसलो होतो :
मतदाराची डावी तर्जनी नसल्यास
डाव्या हाताचं दुसरं कुठलंही बोट,
डाव्या हाताला बोटंच नसल्यास उजवी तर्जनी,
दोन्ही हातांना नसल्यास
हाताचं जे काही टोक उरलं असेल, ते.
एवढं कोण बसून लिहितं, मगदूम सर म्हणाले.
मग चहा आला.

खोली क्रमांक तीन, महापालिकेची शाळा,
उद्यमनगरच्या पाठीमागं.
मी मतदान अधिकारी क्रमांक दोन. शाईवाली.
फळ्यावर अजून शुक्रवारचे पाढे.
सकाळपासून बोटंच बघतेय :
हळदीची, ग्रीसची,
एक तर चपलांच्या वेण्या वळून वळून
नखाशी चामड्यासारखंच झालेलं.

अकराच्या सुमाराला बाबालाल शिकलगार,
यादीत चारशे सात,
शर्टाची डावी बाही मनगटाशी दुमडून
पिन लावलेली.
माझी काडी हवेतच.
त्यांनीच उजवा हात टेबलावर ठेवला.
"हिकडं लावा बाई. नियम हाय तसा.
पयल्यांदा तर्जनी गेली, पावर प्रेसमधी,
तिचे चौदा टक्के लावले सायबानं.
मग पंजाच गेला. त्याचे साठ.
आता साठातनं चौदा वजा करायचे का न्हाई,
ह्याच्यावर केस हाय अजून."

मागनं कुणीतरी म्हणालं, आवरा की वो.
मी शाई लावली,
नखाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत,
नेहमीपेक्षा जरा जास्तच.
ते पुठ्ठ्याआड गेले.
यंत्राचा लांब आवाज आला.
अख्खा.

जाताना विचारलं, "किती दिस राहती ही?"
"महिनाभर तरी."
"मग तारखेला दिसंल, सही करताना,"
आणि वाकून, त्याच हातानं
पायरीवरची उलटी पडलेली कुणाचीतरी चप्पल
सरळ करून गेले.

संध्याकाळी हिशेब जुळला. सहाशे बारा.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिण्यासारखं काही नव्हतं,
सगळं नियमात बसलेलं.

माझं मत टपालानं आधीच गेलेलं,
तर्जनी कोरी.
बाटली बंद करताना सांडली ती अंगठ्यावर.
घरी पोरगी म्हणाली,
आई, तू चुकीच्या बोटानं मत दिलंस?
मी भांडी घासत होते.
म्हटलं, चालतं.
जे असेल ते चालतं.