एक नोव्हेंबर, डिस्पॅच खातं

माझ्या टेबलाच्या काचेखाली
एक तक्ता आहे, हातानं आखलेला.
कुठल्या देशात कुठल्या तारखेला गोदामाला कुलूप,
एवढंच त्यात.
मालक म्हणतात, सण त्यांचे, दंड आपल्याला.

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत
आम्ही टर्किश टॉवेल विणतो.
तो सगळीकडं जातो,
तुर्कस्तान सोडून.

बाकीच्या तारखा आपापल्या चौकोनात गप बसतात.
एक नोव्हेंबर समासात सांडलाय.
पोलंड: बंद. त्या दिवशी अख्खा देश
कबरींवर मेणबत्त्या लावायला जातो म्हणे,
रस्त्यांवर कोंडी होते, आपल्या गड्ड्यासारखी.
अल्जीरिया: बंद. त्यांचं बंड त्या दिवशी पेटलं.
अँटिग्वा: स्वातंत्र्यदिन. हा देश मला नकाशात
दोनदा सापडला, दोनदा हरवला.
चाळीस डझन बीच टॉवेल नेले,
पैसे अजून यायचेत.

इंडीहून माल न्यायला येणारा शरणप्पा
त्या दिवशी ट्रकच्या आरशाला
लाल-पिवळा झेंडा बांधून येतो.
गेटवरचे पोवार मूळचे खानापूरचे.
ते दंडाला काळी फीत लावून
त्याच्या गाडीचा नंबर वहीत उतरवतात.
त्या दिवशी दोघं चहा वेगवेगळा घेतात.
दोन तारखेला पुन्हा एकाच बाकावर.

मागावरचे चिलकामामा हसतात.
"आंध्र पण एक तारखेलाच झाला बे.
आमचा आजा तर त्याच्या लय आधी
इथं येऊन मागावर बसलाय.
आमची एक तारीख म्हंजे
घरभाडं."

मेक्सिकोचं मला नीट कळत नव्हतं.
एक की दोन? नक्की बंद कधी?
तिकडच्या लुपिताबाईंनी सविस्तर लिहिलं:
एक तारखेला आमची गेलेली लहान मुलं घरी येतात,
दोन तारखेला मोठी माणसं.
लांबून येतात, अंगावर धूळ असते,
म्हणून दाराशी पाणी, साबण
आणि एक कोरा टॉवेल ठेवतो.
यंदा तुमचा ठेवणार आहोत.
निळ्या काठाचा.

मी हे जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं,
ऑर्डर वाढेल, या खुशीत.
कुणी म्हणालं, भारीच की.
कुणी कडक भाकरीवर शेंगाचटणी वाढून घेतली.
हेमिंगची राजमणी बोद्दुल
डब्याचं झाकण लावता लावता थांबली.

"पिल्ललु आधी येतेत?"
हो, आधी.
"एकटेच?"
तसंच लिहिलंय.
"बरंय," ती म्हणाली,
"मोठ्यांचं रडणं बघाया नको त्यांना."

तिच्या दंडावर तीन अक्षरं गोंदलेली आहेत.
तिच्या घरात त्या नावाचं कुणी नाही.
अकरा वर्षं मी तिच्या हजेरीवर सही करतो,
विचारलं कधीच नाही.

त्या संध्याकाळी पेट्या मोजताना
बेबी साइजच्या गठ्ठ्यात एक नग कमी भरला.
पुन्हा मोजला. कमीच.
नियमानं शेरा लिहायचा असतो:
डागी, फाटका, उंदरानं कुरतडलेला,
यातलं एक.
मी पेन उघडं धरून बसलो
ते भोंगा होईपर्यंत.

एक तारखेला कारखाना चालूच होता.
तक्त्यात सोलापूर कधी नव्हतंच,
आपलं आपण कशाला लिहायचं.
झेंडा आला, काळी फीत आली,
शरणप्पाचा ट्रक भरून गेला.
राजमणीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.
कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं:
पाहुणे.

मी मंजूर केली.