न्यायची तारीख

साकाता बंदरात, मासळीबाजारामागं माझी लाँड्री.
एकोणतीस वर्षं
लोकांचे खिसे उलटे करतेय.

सूट एकच असतो, काळा.
पांढरा टाय लावला की लग्न,
काळा लावला की मयत.
खिशात हात घातला की कळतं कुठून आलाय:
जेवणाच्या टेबलावरचं नाव लिहिलेलं कार्ड,
नाहीतर मिठाची पुडी,
घरी परतल्यावर दारात अंगावर टाकायची राहून गेलेली.
कधी दोन्ही, एकाच खिशात.
मी दोन्ही पाकिटात घालून परत देते.

पोरी येतात विचारायला.
मैत्रिणीच्या लग्नाला पांढरं चालेल?
नाही गं, तो रंग त्या दिवशी तिचा.
मोती? मयताला एकपदरीच,
दुपदरी घातले की दुःखाला जोड लागते.
किमोनोची डावी बाजू वर घ्यायची,
उजवी वर फक्त त्याची
ज्याला आता आरसा बघायचा नाही.
पोरी हसतात, मोबाइलवर टिपून घेतात.

एक सांगते ते मात्र टिपत नाहीत.
बातमी आल्यावर पहिल्या रात्री
माणसाजवळ बसायला जाल
तर अगदी तयार होऊन जाऊ नका.
हाताला लागेल ते गडद, चुरगळलेलं चालेल.
कडक इस्त्रीतलं काळं दिसलं
की घरच्यांना वाटतं,
हा वाटच बघत होता.

उदागावा मिस्त्री, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे,
ऑक्टोबरात सूट घेऊन आले.
न्यायची तारीख? मी विचारलं.
ते बाहेर सायकलीकडं बघत राहिले.
मी रकाना कोरा ठेवला.
फुमिए, त्यांची बायको, इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर.
तिचे गाऊन माझ्याकडंच यायचे धुवायला,
दर महिन्याला एक माप लहान.

सूट मागच्या दांडीवर लटकत राहिला.
नोव्हेंबर, डिसेंबर, मग बर्फ.
ते मधेच डोकावायचे, "झाला का?"
झालेला असायचा, केव्हाच.
"नाही हो. एक डाग आहे कॉलरला, हटत नाही."
"असू दे, असू दे. घाई नाही."
आणि सायकलवर टांग टाकताना
शीळसुद्धा घालायचे.

फेब्रुवारीत एका रात्री मी गेले
दुकानातल्या निळ्या स्वेटरवरच, बाहीला खळ.
दारात ते उभे, कामाचं करडं जाकीट,
डिझेलचा वास,
बटणं एक घर चुकून लावलेली.
माझा हात उठला. सवय.
मग मागं घेतला.

सकाळी सातला शटर वाजलं.
"डाग गेला?"
"गेला."
त्यांनी सूट उजेडात धरला, कॉलर बघितली,
बराच वेळ बघितली.
मी पैसे पूर्ण घेतले.
कमी घेतले असते
तर त्यांना कळलं असतं.