अर्धा तारा

कादंबरीला चार तारे दिले, सिनेमाला अडीच.
रात्री सोळंकेंचा फोन : अर्ध्याचा ठसा नाही आपल्याकडं,
दोन करू का तीन?
म्हटलं, थांबा जरा.

कादंबरीचं नाव ‘चौथी पाळी’.
थर्मलच्या गावात पाळ्या तीन,
हे परळीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.
हिच्यात चौथी आहे.
तिसरी सुटायच्या आणि पहिली भरायच्या मधे
घड्याळात न मावणारे आठ तास.
तिथं कामाला लागलेल्या माणसाला
घरचे विसरत जातात.
आधी आवाज,
मग चपलेचा नंबर,
मग रेशनकार्डावरची ओळ.
त्या ओळीपाशी मी पेन्सिलीनं खूण केली.
पुस्तक वाचनालयाचं होतं.

लेखक इकडचा नसावा, राख पांढरी लिहिलीय.
आमची करडी,
वाळत घातलेल्या पापडांवर बसली की काळपट.
पण पान एकशे बारा :
बाई भाकरी थापते, पाच.
घरात माणसं चार.
पाचवी कुणाची, तिला सांगता येत नाही.
चिडून शेजारच्या शेळीपुढं टाकते.
दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच.
धडा संपला.
भविष्याची गोष्ट लिहावी तर अशी चुलीपाशी बसून,
असं मी लिहिलं होतं. सोळंकेंनी ते वाक्य कापलं,
खाली लातूरच्या क्लासची जाहिरात आहे.

सिनेमा बघायला अंबाजोगाईला गेलो,
अच्युत गित्तेच्या मोटारसायकलवर.
चौथी पाळी निळी.
कामगारांच्या कपड्यांना इस्त्री.
हीरो चिमणीवर चढतो, भलंमोठं घड्याळ फोडतो,
सगळ्यांना सगळं आठवतं.
भाकरी नाही.
भाकरीच्या जागी बाई फोटोपुढं रडते.
अहो, ज्याला विसरलात
त्याचा फोटो भिंतीवर कुठून आला?
अच्युत म्हणाला, कामून चिडायलास?
गाणं तर झ्याक होतं.

मध्यंतरानंतर हीरो बोळातून पळतो,
तेव्हा पडद्याच्या उजव्या कडेला
एक म्हातारा उभा आहे. तीन सेकंद असेल.
कॉटन वेस्टनं हात पुसतोय.
आधी अंगठा, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख.
आणि तो बोळा फेकत नाही,
खिशात घालतो.

आमचे दादा असेच पुसायचे.
धुण्याच्या दिवशी आई पँटचे खिसे उलटे करायची,
तेलकट दोऱ्यांचा गुंता निघायचा,
ती काही न बोलता बंबात टाकायची.

हे पुस्तकात नाही.
घरी येऊन रात्रभर शोधलं, हात कुठंच नाहीत.
दिग्दर्शकानं सांगितलं असेल असंही वाटत नाही,
त्याचा कॅमेरा हीरोमागं पळतोय.
रोजंदारीवर आणलेला कुणी असणार,
कुठल्यातरी गावी पाळ्या भरलेला.
उभं राहा म्हटल्यावर उभा राहिला,
हात आपोआप कामाला लागले.

परत येताना घाटात थांबलो.
खाली थर्मलचे दिवे.
मी विचारलं, तो म्हातारा बघितलास?
अच्युत म्हणाला, कोणता?

सोळंके अजून फोनवर आहेत. मशीन थांबवलंय, म्हणतात.
दोन छापा, म्हटलं,
आणि पुढं एका ताऱ्याची जागा मोकळी सोडा.
छपाईची चूक वाटंल की हो.
वाटू द्या.