नऊ मिलिमीटर

श्वार्झेनबर्गच्या लाकडाच्या दुकानात
मी फळ्या ठोकत उभा, बोटाच्या पेराने,
आणि टिल्मान नावाचा पोरगा, कानावर पेन्सिल,
विचारतो, आजोबा, दार करायचंय की कपाट?

रेल्वे, म्हणतो मी.
तो हसत नाही. आईबापांनी वळण चांगलं लावलंय.

एकास एकशेवीस. माळ्यावर.
दोन मीटर ऐंशी बाय नव्वद.
आमचा माळा जानेवारीत गोठतो
आणि जुलैत पावाच्या भट्टीसारखा तापतो;
वर जे ठेवाल ते श्वास घेतं, फुगतं, आक्रसतं.
रूळ मात्र धातूचे, कुणाचंच न ऐकणारे.

मेहुणा एगोन म्हणाला, भुशाची फळी घे, स्वस्त पडते,
आपल्या लग्नांतलं सगळं फर्निचर त्याचंच होतं.
होतं.
न्हाणीघरातल्या कपाटाचे पाय
ओल्या पावासारखे सुटले होते, ते तो विसरला.
आणि वजन? एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी,
दोघांत मिळून धड गुडघे तीन.

एमडीएफ गुळगुळीत, पहिल्या बाकावरच्या मुलासारखा,
पण कापायला घेतला की पिठाची गिरणी,
आणि घरात रोझविताचा दमा.
निळा फोम उचलला, तर हातात काही आहे असं वाटेना.
ठोकला. काहीच बोलला नाही.
जे बोलत नाही त्यावर मी चाक ठेवत नाही.

चौतीस वर्षं माझं काम हेच होतं.
लांब दांड्याचा हातोडा, रात्रीची मालगाडी,
दर चाकाला एक टोला.
धड चाक वाजतं आणि वाजत राहतं;
तडा गेलेलं बोलता बोलता गप्प होतं,
खोलीत कुणी नको तो शिरल्यासारखं.
एकदा, मार्चमधल्या भुरभुर बर्फात, एक चाक
या दोन्हींच्या मधलं काहीतरी म्हणालं.
बोटं बधिर होती. मी पुढे गेलो.
काही झालं नाही. वॅगन आठवड्याने परत आली, शाबूत.
काही झालं नाही,
हे मी रोझवितालासुद्धा सांगितलेलं नाही.

उजवा कान आता नुसता चष्मा अडकवायला.
डावा लावला पॉप्लरच्या प्लायला, नऊ मिलिमीटर,
पांढरट, हलका, कडेला थोडा कुसळ्या.
पहिली शीट वाजली. दुसरी वाजली.
तिसरी वाजत वाजत आली, आणि मधोमध, वीतभर डावीकडे,
गप्प.

ही आतून पोकळ आहे, म्हटलं.
टिल्मानने उलटी केली, सुलटी केली, दिव्याखाली धरली.
काही दिसत नाही, आजोबा.
दिसणार नाहीच.
शेवटी करवतीवर घातली. कापाच्या कडेला
मधल्या थरात बोटभर लांब फट,
मुंगीने तिथे स्टेशन बांधलं असतं.
पोरगा कितीतरी वेळ वाकून बघत राहिला,
मग कानावरची पेन्सिल काढून उगाच परत ठेवली.
टाकू नको ती, म्हटलं. अर्ध्या किमतीत दे.

तुकडे चार केले, सत्तर बाय नव्वद,
कारण जिना अरुंद, वर वळणाचा,
आणि टेक्लाला, नातीला, अकरा वर्षांच्या,
एकेक तुकडा एकटीने खाली नेता आला पाहिजे.
कधी, ते तिने विचारलं नाही.
खाली स्प्रूसच्या पट्ट्या, गाठी चुकवून निवडलेल्या.
वर बुचाचा थर, आवाज निम्मा करायला,
सगळीकडे;
फक्त यार्डातल्या शेवटच्या रुळाखाली,
जिथे ती फट येते, तिथे मी बूच लावलं नाही.

काल टेक्लाने एक वॅगन बोटाने ढकलत नेली,
बफरपर्यंत, मग मागे, मग पुन्हा.
थांबली. कान फळीला टेकवला, केस रुळांवर.
आजोबा, इथे काय आहे?

पुन्हा ढकल, म्हटलं.
हळू.