युकेचिश्मेचा इतिहास, दोन पानांत

शाळेच्या संग्रहालयासाठी गावाचा इतिहास लिहून द्या,
मुख्याध्यापक म्हणाले, दोन पानांत बसवा.
संग्रहालय म्हणजे पाचवीच्या वर्गातलं एक कपाट:
कुणा सैनिकाचं शिरस्त्राण, सालीची पायताणं,
आणि सुताचं एक रीळ,
कोणाचं, ते कोणालाच ठाऊक नाही.
मी वाचनालयवाली. म्हणून माझ्या गळ्यात.

लिहिते: गाव झऱ्याकाठी वसलं.
कोणी वसवलं, यावर वरच्या आळीचं नि खालच्या आळीचं पटत नाही.
पण दोन्ही आळ्यांत अजून सोयरीक होते,
तेव्हा ते तसंच राहू दे.

लिहिते: एकेकाळी घरं एकशे बारा.
आज धूर निघतो एकतिसांतून.
बाकीच्या खिडक्यांच्या निळ्या चौकटी
चेल्नीच्या कारखान्यात गेलेल्या पोरांची वाट बघतात.
खोडते हे. लाकूड वाट बघत नाही.
नुसता रंग उडतो.

कबरस्तान टेकाडावर, बर्चच्या झाडांत.
खासनुल्लाचा दगड अरबी अक्षरांत,
त्याच्या लेकाचा लॅटिन,
नातवाचा रशियन.
तातार भाषा तीच, घरातली,
पण बापाला लेकाचा दगड वाचता आला नसता
आणि नातवाला आज्याचा येत नाही.
शेवाळ मात्र तिन्ही लिप्या शिकलंय.

युद्धावर चौसष्ट गेले, एकोणीस आले.
त्या वर्षी घोडे नेले म्हणून नांगराला गाई जुंपल्या,
गाई आटल्या म्हणून बायका.
मिन्नेगुल आपा सांगते, डाव्या बाजूला मी होते,
उजवीकडची फार बोलायची.

नोव्हेंबरात बर्फ टिकलं की हंस कापतात.
शेजारणी जमतात, पिसं उपटतात, गुडघ्यापर्यंत पांढऱ्या होतात.
मग कावडीला हंस टांगून झऱ्यावर धुवायला जायचं,
आणि पोरांनी वाटभर पिसं टाकत पुढं पळायचं,
पुढच्या वर्षीच्या हंसांना घर सापडावं म्हणून.
यंदा पोरं दोन होती.
वाट पुरी झाकली नाही. झऱ्याजवळ मीच थोडी टाकली,
वय वर्षं एक्कावन्न, कुणी बघत नाहीसं पाहून.

आता ते पान.

लिहिते: अडतीस साली मिनार पाडण्यात आला.
व्याकरण किती भलं असतं.
पाडण्यात आला, जसा पाऊस येतो, जशी झोप येते.
दोराला चौघे होते.
तिसरा गाब्देलबार, माझा आजा, वय एकोणीस.
मिळालं काय, अर्धं पोतं राय
आणि टोकावरची पत्र्याची चंद्रकोर.
ती त्यानं ठोकून सपाट केली,
समोवारच्या फुटक्या धुराड्याला ठिगळ लावलं.

पन्नासेक वर्षं आमच्याकडे चहा प्यायला गाव.
मुल्लाची विधवासुद्धा, दूध जास्त, साखर दातांत धरून.
ठिगळ सगळ्यांना दिसायचं.
कुणी ब्र काढला नाही.

ब्याण्णवात नवी मशीद झाली,
चंद्रकोर काझानहून आली, डोळे दिपवणारी.
उभी करायच्या दिवशी तो गेला नाही.
अंगणात समोवार पेटवून बसला, दिवसभर,
वाफ होतेय, निवतेय, पुन्हा निखारे.
संध्याकाळी लोक टेकाडावरून उतरले
आणि आमच्या फाटकाशी
पहिली मुल्लाची विधवाच आत वळली.
तिच्या मागं बाकीचे.
कपं कमी पडली, वाडगे काढले.

हे लिहायचं का, मी मिन्नेगुल आपाला विचारलं.
ती हंसाचं आतडं साफ करत होती, मान वर केली नाही.
लिही, म्हणाली. नाव घालून लिही.
तो काय दगडाखालून भांडायला येणार आहे?
पण चहाचंही लिही.

मी 'पाडण्यात आला' खोडलं.

मुख्याध्यापकांना सांगायला हवं,
दोन पानांत बसत नाही.