चौथा सड

पहाटे साडेपाचला पंचफुलाबाई खडके
कवडीच्या पाठीवर हात ठेवते, मग कासेवर.
तीन सड रोजचे. चौथा कढत.
"दगडी आली वाट्टे माय हिले,"
एवढंच म्हणते, आणि पहिली धार
काळ्या फडक्यावर सोडते:
चुन्याच्या कणांसारखे बारीक गोळे.

मी कारंज्याहून येतो, डिक्कीत
चार वाट्यांची प्लास्टिकची फळी आणि जांभळं औषध.
चार सडांचं दूध चार वाट्यांत. फळी गोल फिरवायची.
तीन वाट्या डुलतात पाण्यासारख्या.
चौथीला भेंडीची तार सुटते.
ती बघते. विचारत नाही.

एक नळी बर्फात घालून आर्वीला नेतो.
ऊबपेटीचा काटा सदतीसवर,
गाईच्या अंगाहून जरासाच थंड.
वहीत लिहितो: दहा वाजता, मोजके.
बारा वाजता, तेवढेच.
ताज्या दुधात म्हणे थोडा वेळ राग असतो,
आलेल्याला बूड टेकू देत नाही.
मग तो राग निवतो.
साखर आहे, ऊब आहे, हाकलणारं कोणी नाही.
एकाचे दोन, दोनाचे चार,
कोणाच्या मनात काही वाईट नसताना
बाजाराच्या दिवशी होते तशी गर्दी,
आणि संध्याकाळी
मोजायला माझ्याकडे रकाने नाहीत.

काचेखाली जांभळे ठिपके, घोसाघोसांनी.
पुस्तक म्हणतं, द्राक्षांसारखे.
आमच्याकडे कुठली द्राक्षं!
मला दिसतात चारं,
उन्हाळ्यात रानात काळी पडलेली,
शाळा बुडवून खाल्लेली.
इतकं सुंदर असायला नको होतं.

तिसऱ्या दिवशी सांगायला गेलो:
औषध असेतो चारही सडांचं दूध डेअरीला नाही,
वासरालाही नाही.
दुखरा सड शेवटी पिळायचा. हात धुवायचे,
गाईगाईला फडकं वेगळं.
हे एका गाईचं दुसरीला
धार काढणाऱ्या हातातून जातं.

हे शेवटचं वाक्य मी घाईत म्हटलं.

तिनं दोन्ही पंजे उलटे केले.
अंगठ्यावर भेग, हळद भरलेली.
"माह्याच हातानं गेलं का?"
मी म्हटलं, फडक्यानंही जातं, बाई.
गोठ्यातल्या ओलीनंही.

ती उठली, बादलीत हात घातले,
आणि धूत राहिली,
वासरू दावं ताणून हंबरत होतं
तरी धूत राहिली.